संडे एप्रनचा भाव

लिओटा ब्रुगेमनने तीन वर्षं एका माणसाला माशाचा शेपटाकडचा तुकडा वाढला. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत आमच्या सेंट गेरेऑन चर्चच्या तळघरात दर शुक्रवारी मासे तळतात आणि अख्खा गाव ताटं घेऊन रांगेत उभा राहतो. वेंडेल स्टेगमनही राहायचा. चिमटा लिओटाच्या हातात. वेंडेलच्या पुढच्याला जाडजूड तुकडा, मागच्याला जाडजूड तुकडा, आणि मधल्या वेंडेलला करपलेलं, वाळलेलं शेपूट. तो “थँक्यू, लिओटा” म्हणायचा आणि कोबीच्या कोशिंबिरीकडे सरकायचा. त्याच्या या थँक्यूचाही तिला संताप यायचा. भांडायला येणारा माणूस परवडला, पण सगळं मुकाट गिळणाऱ्याशी भांडायचं तरी कसं?

लिओटा काही देवभोळी, गरीब गाय नव्हे. शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म गेला, पोरांवर ओरडून आवाज घोगरा झालेला, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. नवऱ्याशी भांडावं म्हटलं तर तीही सोय नव्हती. क्लीट दुधाचा ट्रक चालवायचा. उंच, किडकिडीत, हसतमुख माणूस. त्याच्या तोंडून “नाही” हा शब्द कुणी ऐकला नव्हता, बायकोने तर नाहीच नाही. तिने स्वयंपाकघराला पिवळा रंग द्यायचा म्हटलं की तो म्हणायचा, छान दिसेल. चार दिवसांनी ती हिरवा म्हणाली, तर तोही छान दिसेल.

या क्लीटने आयुष्यात एकच चैन केली. शर्यतीची एक घोडी घेतली. तांबूस रंगाची, आणि छातीवरून पोटाखाली गेलेला पांढरा पट्टा, एप्रन बांधल्यासारखा. रविवारी जन्मलेली म्हणून तिचं नाव संडे एप्रन. क्लीट पहाटे ट्रक घेऊन निघण्याआधी तबेल्यात जाऊन तिला स्वतः खरारा करायचा, आणि लिओटा सुट्टीच्या दिवशी डब्यात गेटा घेऊन जायची, नवऱ्यासाठी आणि शेजारच्या तबेल्यातल्या वेंडेलसाठीही. डुकराचं मांस आणि ओट शिजवून तव्यावर खरपूस परतलेल्या त्या वड्या दोघंही उभ्या उभ्या खायचे. वेंडेल हा क्लीटचा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्याकडे सहा घोडे होते, तोच धंदा होता, आणि क्लीटला जे काही येत होतं ते त्यानेच शिकवलेलं.

आमचा ट्रॅक मेणमातीचा. वाळू, गालिच्याचे धागे, रबराचा चुरा, आणि या सगळ्याला मेणाचा हात दिलेला. साधी माती थंडीत गोठून दगड होते, ही होत नाही, म्हणून इतर ट्रॅकना कुलपं लागली की आमचा सुरू. बाहेरचे लोक नाक मुरडतात, तुम्ही सतरंजीवर घोडे पळवता म्हणतात. पळवतो. आणि तुमच्या मातीवर बक्षिसं मारलेले घोडे इथे येऊन तोंडावर आपटतात, तेही मजेत बघतो. संडे एप्रनचं नेमकं उलट होतं. साध्या मातीवर पुढच्या घोड्यांच्या टापांनी उडालेला चिखल तोंडावर थापला गेला की ती मान वर करून पळणंच सोडून द्यायची. मेणमाती तशी तोंडावर थापली जात नाही. इथे ती आरामात शेवटून निघायची, आणि शेवटच्या वळणावर बाजारात घाईत निघालेल्या बाईसारखी सगळ्यांच्या मधून वाट काढत पुढे यायची.

तिच्या प्रत्येक शर्यतीला लिओटा पैसे लावायच्या खिडकीशी हजर. घरची घोडी, तिच्यावर घरच्यांनी नाही लावायचे तर कुणी, असं तिचं म्हणणं. क्लीटने कधी विचारलं नाही आणि तिने कधी सांगितलं नाही.

मग तो दिवस आला. स्वस्त शर्यतीत घोडा उतरवायचा तर त्याला किंमत लावावी लागते, आणि ज्याच्याकडे परवाना आहे असा कुणीही ती किंमत भरून, शर्यतीआधी पेटीत चिठ्ठी टाकून तो घोडा घेऊ शकतो. याला क्लेम करणं म्हणतात. शर्यत संपली की घोडा त्याचा, मालकाची मर्जी कुणी विचारत नाही. पण दोस्ताचा घोडा क्लेम करायचा नाही, हा आमच्याकडचा न लिहिलेला कायदा आहे. एक वेळ दोस्ताची बायको पळवली तर लोक समजून घेतील. त्या दिवशी संडे एप्रन तिसरी आली, लिओटा कौतुकाने लगाम धरायला पुढे झाली, आणि वेंडेलच्या माणसाने घोडीच्या तोंडात आपला लगाम चढवला.

क्लीट निघाला. ट्रकमध्ये बसला, घरी आला, जेवला, झोपला. लिओटाने वेंडेलच्या सात पिढ्या उद्धारल्या, तेव्हाही तो खिडकीबाहेर बघत राहिला. नवऱ्याचं काळीज फाटलंय, त्याला बोलवत नाही, असं तिने धरलं. आठ महिन्यांनी ट्रकमध्येच त्याचं हृदय बंद पडलं, आणि मग तिच्या मनात शंकाच उरली नाही. वेंडेलने घोडी नेली, वेंडेलने नवरा मारला. शवपेटीला खांदा द्यायला सहा माणसं लागतात. सहावा वेंडेल होता. तिने त्याला चर्चच्या दारातून परत पाठवलं आणि पाच जणांनी पेटी वाकडीतिकडी नेली, पण नेली.

तेव्हापासून तिने डूख धरला. खरं सांगायचं तर त्या डुखाने तिला जगवलं. क्लीट गेल्यावर पोरीबाळी कॅलिफोर्नियात, घर रिकामं, संध्याकाळी बोलायला कुणी नाही. पण सकाळी उठून वेंडेलचा राग राग करायचा म्हटलं की अंगात जरा धुगधुगी यायची. त्याच्या घोड्यांच्या शर्यती ती वर्तमानपत्रात न चुकता वाचायची, ते हरावेत म्हणून. आणि वाचता वाचता या वर्षी तिच्या एक गोष्ट ध्यानात आली.

वेंडेलने संडे एप्रनला नदीपलीकडे ओहायोत नेऊन साध्या मातीवर पळवलं होतं. शेवटची आली. पुन्हा नेलं, पुन्हा शेवटून दुसरी. आणि आता येत्या शनिवारी ती इथे, घरच्या मेणमातीवर, अगदी खालच्या किमतीच्या शर्यतीत उतरणार होती. लिओटाने पेपर खाली ठेवला आणि एकटीच मोठ्याने हसली. घोडीला माती सोसत नाही हे वेंडेलइतकं कुणाला ठाऊक होतं? त्याने तिला हरायलाच नेलं होतं. आता परगावचे लोक नुसते आकडे बघणार, घोडी संपली म्हणणार, कुणी क्लेम करणार नाही, कुणी पैसे लावणार नाही, आणि भाव चढणार, म्हणजे जिंकली तर एकाचे कितीतरी पट मिळणार. मग वेंडेल एकटा तिच्यावर लावणार आणि एका दुपारीत वर्षाची कमाई करणार.

उरलेलं तिला तिची नणंद डोरीनने पुरवलं. डोरीन म्हणजे माशांच्या रांगेत गल्ल्यावर बसणारी, गावची उठाठेव करणारी. वेंडेलने घोडे न्यायची गाडी विकायला काढली होती, आणि ती डोरीनच्याच नवऱ्याने घेतली. तबेल्याची उधारी तुंबलीय, दोन घोडे लंगडतायत, या शनिवारनंतर एकतर सगळं फिटेल नाहीतर धंदा बंद, असं म्हणे वेंडेल म्हणाला होता. डोरीनला त्याची कीव आली. लिओटाने तिला कॉफी पाजली आणि पुन्हा एकदा सगळं नीट सांगायला लावलं.

दुसरी एखादी असती तर तिने घोडी हरावी म्हणून मेणबत्त्या लावल्या असत्या. लिओटाने तसलं काही केलं नाही. खिडकीवरचा हिशेब तिला पाठ होता. सगळ्यांचे पैसे एकाच हंड्यात पडतात, ट्रॅकवाले आपला वाटा काढतात, आणि उरलेलं जिंकणाऱ्या घोड्यावर लावणाऱ्यांत वाटलं जातं. लावणारा एकटा असेल तर सगळा हंडा त्याचा. अख्खा गाव असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला चमचाभर. तेव्हा वेंडेलला बुडवायचं तर घोडी जिंकायला हवी, आणि तिच्यावर गावाने पैसे लावायला हवेत.

त्या शुक्रवारी लिओटाने तळघरात सगळ्यांच्या आधी जाऊन चिमटा ताब्यात घेतला. प्रत्येक ताटात मासा ठेवताना ती वाकायची आणि पुटपुटायची, “उद्या चौथी शर्यत. क्लीटची घोडी. शेवटच्या दोन मिनिटांआधी खिडकीकडे फिरकायचंसुद्धा नाही.” शेवटची अट महत्त्वाची होती, कारण भाव आधीच पडला असता तर वेंडेलने हात आखडता घेतला असता. लोक आधी तिच्या तोंडाकडे बघायचे, मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडायचा. क्लीटची घोडी कुणी नेली हे गावात कोण विसरलं होतं? बोलिंगवाले, अग्निशमन दलाची पोरं, शाळेतल्या मास्तरणी, सगळ्यांनी मान डोलावली. फादर हाउट्झ ताट घेऊन आले आणि हे काय कुजबुजणं चाललंय म्हणून दरडावू लागले. तिने त्यांनाही सांगितलं. फादर म्हणाले की आपण काही ऐकलेलं नाही. दोन पावलं पुढे गेले, परत आले आणि शर्यत कितवी म्हणालीस ते पुन्हा विचारून गेले.

शेवटी वेंडेल आला. थकलेला, दाढी वाढलेली. लिओटाने तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला मधला, जाड, सोनेरी तुकडा वाढला. तो ताटाकडे बघत राहिला. मग त्याचे डोळे भरून आले आणि तो नेहमीचं थँक्यू न म्हणताच पुढे गेला. त्याला वाटलं तिने माफ केलं. लिओटाने चिमटा झटकला आणि पुढच्याला विचारलं, “एक की दोन?”

शनिवारी दुपारी आभाळ शिशासारखं होतं आणि वारा कानाला झोंबत होता. बोर्डावर संडे एप्रनचा भाव पंधराला एक, म्हणजे एक डॉलर लावला तर पंधरा. वेंडेल खिडकीशी आला, खिशातून जाडजूड पुडकं काढलं, तिकीट घेतलं आणि इकडेतिकडे न बघता घोडीकडे निघून गेला. भाव थोडा खाली आला, बाराला एक. त्याच्या हिशेबात ते बसत होतं. लिओटा खांबाआड उभी राहून बघत होती. तो दिसेनासा झाला तशी ती खांबाआडून बाहेर आली आणि डोक्यावरची लोकरीची टोपी काढली. दोन मिनिटं उरल्याची तीच ठरलेली खूण होती.

मग सेंट गेरेऑनचं चर्च खिडक्यांवर तुटून पडलं. म्हाताऱ्या काठ्या टेकत आल्या, अग्निशमनवाले गणवेशातच आले, ज्यांना यायला जमलं नाही ते घरून फोनवर लावत होते. लिओटानेही लावले, तिच्याजवळ होते तेवढे. तीन वर्षांत ती या खिडकीशी आली नव्हती. घोडे सुटायची घंटा झाली तेव्हाही रांगेत माणसं होती.

आमच्याकडे शेवटच्या मिनिटाचे पैसे बोर्डावर चढायला वेळ लागतो, घोडे धावत असताना आकडे बदलत राहतात. घोडे पलीकडच्या बाजूला पोचले तेव्हा संडे एप्रन सगळ्यांच्या मागे होती आणि भाव बाराचा सातावर आला. वळणाच्या तोंडाशी सातावरून चार. वेंडेल कठड्याला धरून घोडीकडे बघत होता आणि लिओटा वेंडेलकडे. घोडी बाहेरून आली, दोन घोड्यांच्या फटीतून घुसली, मान लांब केली. वेंडेल हवेत मुठी नाचवत होता, “ये माझी बाई, ये,” म्हणून ओरडत होता, आणि सरळ वाटेवर ती सगळ्यांच्या पुढे निघाली तेव्हा आनंदाने त्याने बोर्डाकडे पाहिलं. दीडाला एक. त्याच्या मुठी तशाच हवेत राहिल्या.

घोडी चांगली दोन घोड्यांच्या अंतराने जिंकली. लिओटाने आयुष्यात इतकं गोड काही चाखलं नव्हतं. जिंकल्यावर मालकाचा घोड्यासोबत फोटो काढतात. फोटोच्या चौकात वेंडेल घोडीचा लगाम धरून उभा राहिला आणि मागोमाग अख्खं चर्च आत घुसलं, कारण सगळ्यांना वाटत होतं की आपणच जिंकलो. लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते. बक्षिसाची रक्कम त्या शर्यतीला होती तेवढीच, उधारीच्या व्याजालाही न पुरणारी, आणि दीडाच्या भावाने तिकिटाचे मिळणार तेही उधारी फेडायला अपुरे. फोटोवाला सगळ्यांना हसा म्हणाला. वेंडेल त्या गर्दीत लिओटाला शोधत होता, आणि ती दिसल्यावर त्याला सगळं उमगलं.

तिलाही तेच हवं होतं. कुणी केलं हे कळलं नाही तर सूड कसला? गर्दी पैसे घ्यायला पांगली तशी ती मुद्दाम त्याच्या वाटेत उभी राहिली. घोडी अजून धापा टाकत होती, तिच्या अंगातून वाफ निघत होती.

“काल मासा चांगला होता ना?” लिओटा म्हणाली.

वेंडेलने लगाम हाताला गुंडाळला. “माझं सगळं गेलं, लिओटा. उद्यापासून तबेला दुसऱ्याचा.”

“माझंही गेलं होतं. मला कुणी विचारायला आलं होतं का?”

“मी आलो होतो. तू दारातून हाकललंस.” त्याने घोडीच्या मानेवर हात ठेवला. “क्लीटने माझ्याकडून शपथ घेतली होती. मी ती पाळली. तू मला पेटीला हात लावू दिला नाहीस, तरी पाळली. तीन वर्षं तुझं ते करपलेलं शेपूट खाल्लं आणि पाळली. पण आता मी कशाला पाळू? माझ्याकडे राखायला आहे काय?”

“कसली शपथ?”

“ही घोडी मी नेली नाही. त्याने मला न्यायला लावली.”

लिओटा हसली. खोटारडा म्हणाली, मेलेल्या माणसाच्या नावावर खपवतोस म्हणाली. वेंडेलने तिला बोलून घेऊ दिलं.

“छपराच्या दुरुस्तीचे पैसे,” तो म्हणाला. “छप्परवाला आगाऊ रक्कम घेऊन पळाला, असं तू क्लीटला सांगितलंस. तो छप्परवाला दर बुधवारी क्लीटबरोबर बोलिंग खेळायचा, बाई. क्लीटने त्याला विचारलंही नाही, लाजेखातर. घरी येऊन तुला म्हणाला, जाऊ दे, होतं असं. मग माझ्याकडे आला आणि गवताच्या भाऱ्यावर बसून रडला. म्हणाला, घोडी आहे तोवर लिओटा ती पैसे लावायची खिडकी सोडायची नाही, आणि मला तिला नाही म्हणता येत नाही. तू क्लेम कर. ती तुझ्यावर चिडेल, माझ्यावर नाही.”

छपराचे पैसे त्या खिडकीत गेले, ही गोष्ट लिओटाने कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलेली नव्हती. फादरलासुद्धा नाही.

“तो जीवापाड जपायचा हिला,” वेंडेल म्हणाला. “तरी दिली. तुझ्यापायी दिली. आता बस घरी आणि त्याचा राग कर.” त्याचा आवाज शांत होता आणि त्याला बरं वाटत होतं हे तोंडावर दिसत होतं. त्याने घोडी वळवली आणि तबेल्याकडे चालू लागला. ती पांढऱ्या पट्ट्याची छाती लिओटाच्या खांद्याला घासून गेली.

डोरीन धावत आली, नोटा नाचवत, काय म्हणाला गं मेला, म्हणून विचारत. लिओटा म्हणाली की अभिनंदन करत होता. डोरीनला ते फारच विनोदी वाटलं.

लिओटा पैसे घ्यायला रांगेत उभी राहिली. तिला रडू यायला हवं होतं, पण राग इतका होता की रडायला जागाच नव्हती. वेंडेलचा नाही. तो आता तिच्या हिशेबी संपला होता. तिला राग आला होता क्लीटचा, ज्याने चाळीस वर्षं तिच्या प्रत्येक गोष्टीला “छान दिसेल” म्हटलं, आणि एवढी एक गोष्ट तोंडावर बोलायची सोडून दोस्ताच्या गळ्यात बांधली. सगळं माहीत असून जेवायला समोर बसला. तिने दिलेला डबा घेऊन गेला. तिला लहान पोरीसारखं फसवलं, सांभाळून घेतलं, आणि ती वर त्याच्यासाठी तीन वर्षं दुसऱ्याला शिव्या देत बसली. आता त्याला जाब विचारावा तर तो टेकडीवर मातीखाली, तसाच मुकाट.

खिडकीतल्या मुलीने तिचं तिकीट यंत्रात सारलं, नोटा मोजून पुढे सरकवल्या. लिओटाने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या तशाच मागे सरकवल्या.

“सगळे पुढच्या शर्यतीवर.”

“कुठल्या घोड्यावर, ताई?”

“कुठल्याही,” लिओटा म्हणाली. “लाव तू.”